काळी लोकर, मोराचा धागा, निळं डोकं : गळासाठी माशी बांधायला शिकताना

१४९६ साली इंग्लंडमध्ये वेस्टमिन्स्टरला विन्किन द वर्ड या छापखानदाराने गळाने मासे धरण्यावरचं एक पुस्तक छापलं. त्यात बारा माश्यांच्या कृती आहेत. माशी म्हणजे गळावर लोकर, रेशीम आणि पिसं गुंडाळून केलेला खोटा किडा. त्यातली मे महिन्यासाठी सांगितलेली एक कृती अशी : अंग काळ्या लोकरीचं, त्यावर मोराच्या शेपटीचा धागा गुंडाळलेला, पंख तांबड्या कोंबड्याचे आणि डोकं निळं. हे वाचलं आणि मी उठून परसात गेले. शेजारच्या काकूंचा तांबडा कोंबडा कुंपणावर बसला होता. काळी लोकर आमच्याकडे दिवाळीनंतर मेंढरांचे वाडे उतरले की मागाल तेवढी मिळते. मोरपीस घरात देवापाशी होतं. निळा रेशमी दोरा शिवणाच्या डब्यात. सव्वापाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कृतीतली एकही वस्तू मला दुकानातून आणावी लागली नाही.

म्हणून हा लेख. माशी बांधायची म्हणजे परदेशातून पाकिटं मागवायची, असं समजून बरेच जण सुरुवातच करत नाहीत. खरं तर ही कला उकिरड्यावर, काटेसावरीखाली आणि मेंढरांच्या मागे फिरून शिकायची आहे. फक्त दोन गोष्टी आधी नीट कळल्या पाहिजेत : मासा काय खातो, आणि रानातून काय उचलायचं नाही.

आधी नदीत हात घाला

खरा किडाच गळाला का लावत नाहीत? याचं उत्तर इसवी सन २०० च्या आसपास एलियन या रोमन लेखकाने देऊन ठेवलंय. मॅसिडोनियातल्या अ‍ॅस्ट्रिअस नदीवरचे लोक मासे कसे धरतात ते त्याने लिहिलं. तिथले मासे पाण्यावर उडणारी एक माशी खात. पण ती माशी इतकी नाजूक, की माणसाचा हात लागला तरी तिचा रंग जातो आणि पंख सुकतात. मग ते लोक गळावर लाल लोकर गुंडाळत आणि कोंबड्याच्या गळ्याशी लोंबणाऱ्या लाल कातडीखालची मेणासारख्या रंगाची दोन पिसं बांधत. काठी सहा फूट, दोरी तेवढीच. आपल्याकडे ओढ्यावर पोरं बांबूची गरी घेऊन बसतात, तिचंही माप साधारण असंच काठीएवढी दोरी.

तर पहिला धडा दोऱ्याचा नाही, दगडाचा आहे. वाहत्या ओढ्यात घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहा, मुठीएवढा दगड उचला आणि उलटा करून पाहा. खालच्या बाजूला चपटे, करड्या-तपकिरी रंगाचे किडे सरसर पळताना दिसतील. शेपटीला तीन केस, पोटाच्या दोन्ही कडांना कल्ले फडफडतायत. कुठे वाळूचे कण चिकटवून केलेली इवलीशी नळी असेल, तिच्यात अळी राहते. कडेच्या गवतात चतुराची पिल्लं सापडतील, बटबटीत डोळ्यांची. एक पांढरी वाटी सोबत ठेवा. किडा वाटीत पाण्यासकट घ्या आणि तीनच गोष्टी बघा : लांबी किती, रंग गडद की फिका, आणि पोहताना त्याचं काय काय हलतं. मग किडा परत सोडा आणि दगड होता तसाच ठेवा. ते त्यांचं घर आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. हुबेहूब रंग साधला नाही तरी चालतं, पण पाण्यात मेल्यासारखी पडून राहणारी माशी मासा सहसा घेत नाही. म्हणून मऊ पीस आणि विरळ लोकर. पुढे सगळीकडे मी हेच सांगत राहणार आहे.

काय गोळा करायचं

पिसं. गावठी कोंबडीची. कोंबडी आणि कोंबडा यांच्या पिसांत मोठा फरक आहे आणि नवख्या माणसाची इथेच गडबड होते. कोंबड्याच्या मानेवरचं पीस लांब, टोकदार, चकचकीत आणि ताठ असतं. पाण्यावर तरंगायच्या माशीला ते बरं. कोंबडीच्या मानेवरचं आणि पाठीवरचं पीस आखूड, गोलसर, मऊ. ओलं झालं की त्याचे तंतू पाण्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर उघडतात-मिटतात. पाण्याखालच्या माशीला हेच हवं. तुमच्याकडे ठिपक्या-ठिपक्यांची तपकिरी कोंबडी असेल तर तिला जपा. तिच्या पाठीवरच्या दहा-बारा पिसांत तुमचा वर्षाचा हिशेब भागतो.

पिसं बोटात धरून पारखायला शिका. देठाकडून टोकाकडे नको, टोकाकडून देठाकडे हलकेच ओढा. तंतू आडवे उभे राहतील. खालचा कापसासारखा भाग आपल्या कामाचा नाही, तो उपटून टाकायचा. उरलेल्या तंतूंची लांबी गळाशेजारी ठेवून मापा : गळाचं टोक आणि दांडा यांच्यात जेवढं अंतर, त्याच्या दीडपट ते दुप्पट. याहून लांब पीस बांधलं तर मासा नुसतंच पीस ओढतो आणि गळ तोंडाबाहेर राहतो.

कुणी बदकं पाळत असेल तर बदकाच्या शेपटीच्या मुळाशी, तेलाच्या गाठीभोवती असलेली धुरकट रंगाची चिमुकली पिसं मागून घ्या. बदक तिथलंच तेल चोचीने अंगभर चोपडतं. ही पिसं भिजायला फार वेळ घेतात, म्हणून तरंगणाऱ्या माशीला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

लोकर. दख्खनी मेंढीची काळी किंवा काळपट तपकिरी. कोकराची पहिली कातरण, जिला जावळ म्हणतात, ती मिळाली तर उत्तम. मोठ्या मेंढीची लोकर राठ असते, घोंगडीला ठीक, पण बारीक गळावर नीट बसत नाही. मेंढपाळाला पैसे विचारा, तो बहुतेक वेळा मूठभर लोकर तशीच देईल. आपण मात्र रिकाम्या हाताने जाऊ नये. लोकर बुडायला हवी असेल तर रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुवा. नैसर्गिक तेल राहू दिलं तर ती पाणी धरत नाही. बोकडाचे मऊ केस, घरच्या कुत्र्याच्या अंगावरून कंगव्यात आलेली आतली लव, ही दोन्ही चालतात आणि लोकरीत मिसळून फार छान करडा रंग देतात.

झाडांकडून. काटेसावरीची बोंडं एप्रिल-मेमध्ये फुटतात आणि झाडाखाली रुपेरी कापूस पसरतो. त्याचे तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असतात, त्यामुळे तो पाण्यात सहजी बुडत नाही. रुईच्या बोंडातला रेशमी कापूसही असाच, पण रुई तोडताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, डोळ्याला गंभीर इजा होते. वाळून आपोआप फुटलेलं बोंडच घ्या. घायपाताच्या पानातून निघालेला वाख माशीच्या शेपटीसाठी कामी येतो : दोन-तीन तंतू, नखाएवढे.

मोरपीस. डोळ्याचं पीस मधोमध धरा आणि देठाच्या दोन्ही बाजूंनी निघालेले हिरवट-तांबूस धागे पाहा. प्रत्येक धाग्याला बारीक केसाळ लव असते आणि ती उजेडात फिरवली की रंग बदलते. तो रंग बाहेरून चढवलेला नाही, लवेच्या सूक्ष्म रचनेवर उजेड पडून उमटतो. म्हणून तो पाण्याखालीही जिवंत दिसतो. डोळ्याच्या थोडं खालचे धागे सर्वांत जाड लवेचे. जगभरचे माशी बांधणारे याच धाग्यावर जीव टाकतात, आणि तो आपल्या शेताच्या बांधावर पडलेला असतो.

काय उचलायचं नाही

हा भाग घाईने वाचू नका. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे. रानपक्ष्यांची पिसं, मग ती जमिनीवर पडलेली का असेनात, गोळा करून ठेवणं कायद्यात बसत नाही. नीलकंठ, धनेश, पोपट, घार, रानकोंबडा, तित्तिर यांपैकी काहीच नको. इंग्रजी कृतींत तित्तिराचं पीस फार मागतात. त्याच्या जागी ठिपकेवाल्या गावठी कोंबडीचं पीस घ्या, माशाला फरक कळत नाही. मोराच्या शेपटीच्या पिसाला कायद्यात सूट आहे, पण ती आपोआप झडलेल्या पिसापुरती समजा. मोर मारणं, पकडणं, त्याची पिसं उपटणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि मोरपिसं परदेशी पाठवायलाही बंदी आहे. परदेशातल्या भाच्याला हौसेने बांधून पाठवाल आणि अडचणीत याल. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तर काडीही उचलायची नाही.

घरट्यातलं अस्तर काढू नका. रोगाने मेलेल्या कोंबड्यांच्या जवळ जाऊ नका.

पिसं घरात आणल्यावर

कोमट पाण्यात थोडा शाम्पू, हलक्या हाताने धुणं, वर्तमानपत्रावर सावलीत वाळवणं. नंतर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून चार दिवस फ्रीझरमध्ये. बाहेर काढून दोन दिवस ठेवा, पुन्हा चार दिवस आत. पहिल्या वेळी जगलेली कसरीची अंडी मधल्या उबेत फुटतात आणि दुसऱ्या वेळी मरतात. सुरुवातीला मी हे करत नव्हते. सुती पिशवीत दोन वर्षांची पिसं आणि जावळ एकत्र ठेवलं होतं. पावसाळ्यात पिशवी उघडली तर कसर लागलेली. पिसांचे नुसते देठ उरले होते आणि लोकरीचा भुगा. त्यातलं ठिपकेवालं पीस ज्या कोंबडीचं होतं ती कोंबडी तोवर राहिली नव्हती. तेव्हापासून सगळं पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, डांबरगोळी घालून.

हत्यारं

गळ असा घ्या ज्याला दोरा ओवायला डोळा आहे. आपल्या बाजारातल्या पुष्कळ गळांचं डोकं नुसतं चपटं ठोकलेलं असतं, ते नकोत. गळाचा आकडा जितका मोठा तितका गळ लहान. शिकताना १० किंवा १२ नंबर. बारीक हौस नंतर. टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. माशाच्या तोंडातून गळ सहज निघतो आणि तुमच्या बोटातूनही, जे शिकताना एकदा तरी होणारच आहे. चष्मा नसेल तर साधा गॉगल लावून बसा.

गळ धरायला : निमुळत्या तोंडाची पक्कड घ्या, गळाचा वाकलेला भाग तिच्या तोंडात धरा, दांड्यांना रबरबँड करकचून गुंडाळा. दोन विटांमध्ये पक्कड उभी केली की झालं. सोनारकामाचा छोटा हँड व्हाईस मिळाला तर अधिक सुखाचं. जपानच्या डोंगराळ भागात जुने लोक माशी नुसत्या चिमटीत गळ धरून बांधत आले आहेत, तेव्हा हत्यार नाही म्हणून अडू नका.

बाकी : टोकदार लहान कात्री, काडीत खोचलेली सुई, मधमाशीच्या मेणाचा गोळा, कपड्याचा एक चिमटा आणि रंगहीन नेलपॉलिश. जळालेल्या मोटरच्या वाइंडिंगमधली केसाएवढी तांब्याची तार वाइंडिंगवाल्याकडे मिळते. मेण दोऱ्याला का? मेणाने दोरा चिकट होतो, लोकर त्याला धरते आणि वेढे घसरत नाहीत. चपला शिवणारे कारागीर दोऱ्याला मेण लावतात, त्याच कारणाने.

काळी माशी, एकेक वेढ्याने

आता ती १४९६ ची माशी बांधूया. मूळ कृतीत पंख आहेत. मी त्याऐवजी तांबडं पीस गळ्याभोवती गुंडाळते. नवख्या हाताला पंख सरळ बसवणं जमत नाही, आणि पाण्याखाली गळपट्टाच जास्त हलतो.

निळा रेशमी दोरा हातभर कापा. जाड असेल तर उकलून त्याची एक पदर घ्या. मेणाच्या गोळ्यावरून दोनदा ओढा.

गळ पक्कडीत आडवा, डोळा उजवीकडे. दोऱ्याचं टोक डाव्या हातात दांड्यावर तिरकं धरा, डोळ्यापासून दोन मिलिमीटर मागे. उजव्या हाताने दोरा वरून पलीकडे, खालून अलीकडे, असा त्याच टोकावरून गुंडाळा. पाच-सहा वेढे शेजारी-शेजारी. टोक अडकलं की उरलेलं कापा. दोऱ्याला कपड्याचा चिमटा लावून सोडून द्या. तो लोंबकळत राहतो आणि ताण सुटत नाही. दोरा सोडून पीस निवडायला उठता येतं, हा या चिमट्याचा मोठा आधार.

आता दोरा मागे न्या, दांडा जिथे वाकायला लागतो तिथपर्यंत. तिथे तांब्याच्या तारेचा बोटभर तुकडा तीन वेढ्यांनी बांधा, लांब टोक मागे लोंबू द्या. त्याच जागी मोराचे तीन धागे, टोकाकडून. टोकं नाजूक असतात, अर्धा सेंटीमीटर आधीच कापून टाका, नाहीतर बांधतानाच तुटतात.

मग लोकर. इथे सगळे चुकतात. चिमटीत जेवढी येते तेवढी घ्याल, तर ती चौपट झाली. उजेडात धरल्यावर आरपार दिसेल इतकीच लोकर घ्या. दोऱ्यावर ठेवून अंगठा आणि तर्जनीत एकाच दिशेने वळा. उलटसुलट वळलंत तर ती सुटते. दोऱ्यावर वातीसारखा पातळ थर बसला की तो दांड्यावर पुढे गुंडाळत या. मागे बारीक, पुढे किंचित जाड. डोळ्याआधी तीन मिलिमीटर मोकळी जागा राहिलीच पाहिजे.

या मोकळ्या जागेबद्दल वेगळं सांगते. पहिल्या दहा माश्यांत प्रत्येकाची लोकर डोळ्यापर्यंत जाते. मग पिसाला जागा नाही, डोक्याला जागा नाही आणि शेवटी डोळाच बुजतो, दोरा ओवता येत नाही. गळाच्या दांड्यावर पेनाने खूण केलीत तरी चालेल. त्या खुणेपुढे लोकर न्यायची नाही.

मोराचे तिन्ही धागे एकत्र धरून हलका पीळ द्या आणि लोकरीवरून पुढे, वेढ्यांमध्ये थोडी थोडी काळी लोकर दिसेल असं अंतर सोडून. पुढे आल्यावर निळ्या दोऱ्याने तीन वेढे देऊन बांधा. आता तांब्याची तार उलट्या दिशेने गुंडाळा, म्हणजे धागे जसे गेले त्याच्या विरुद्ध. तार प्रत्येक धाग्याला आडवी ओलांडते. तीन-चार वेढ्यांत पुढे या, बांधा, उरलेली तार पुढे-मागे हलवून तोडा. कात्रीने कापू नका, धार जाते. ही तार शोभेची वाटते, पण माशी टिकते ती तिच्यामुळे. माझी पहिली काळी माशी तारेविना होती. नीरेच्या काठी दुसऱ्या चिलापी माशाच्या दातांनी मोराचा धागा तुटला आणि तिसऱ्या फेकीला सगळं उलगडून दोऱ्यावरून लोंबत होतं.

तांबडं पीस. खालचा कापूस काढलेलं, तंतू मागे वळवलेले. टोकाकडून बांधा, चमकती बाजू डोळ्याकडे ठेवून. देठ चिमटीत धरा आणि दोन वेढे द्या, फार तर अडीच. प्रत्येक वेढ्यानंतर डाव्या हाताने तंतू मागे चापून धरा, म्हणजे पुढचा वेढा त्यांना चिरडत नाही. दोन वेढे कमी वाटतील. हात पुढे जाईल. जाऊ देऊ नका. दाट पीस पाण्यात झाडूसारखं दिसतं. विरळ पीसच पायांसारखं हलतं. देठ दोऱ्याने बांधा आणि कापा.

उरलेल्या जागेवर निळ्या दोऱ्याचे पाच-सहा वेढे देऊन बारीक डोकं करा. मग चार अर्ध्या गाठी, एकामागे एक, प्रत्येक घट्ट ओढून. दोरा कापा. सुईच्या टोकावर नेलपॉलिशचा थेंब घेऊन डोक्याला लावा, गळाच्या डोळ्यात गेलं तर तो लगेच सुईने मोकळा करा. रात्रभर वाळू द्या.

पहिली माशी बांधायला अर्धा तास लागेल, दहावीला दहा मिनिटं. एकाच कृतीच्या किमान सहा माश्या बांधल्याशिवाय दुसरी कृती घेऊ नका. सहा शेजारी ठेवल्या की हात कुठे घसरतोय ते आपोआप दिसतं.

उलट्या पिसाची माशी

जपानी भाषेत माशीला केबारी म्हणतात, म्हणजे केसांची सुई. त्यातली साकासा केबारी, म्हणजे उलटी माशी, नवख्यांसाठी फार चांगली. हिच्यात पीस मागे न झुकता डोळ्याकडे पुढे उघडं असतं, छत्री वाऱ्याने उलटी व्हावी तसं. कृती साधी : पीस आधी बांधायचं, डोळ्याच्या मागे, तंतू पुढे झुकतील असं. नंतर दोरा पिसाच्या मागे आणून अंग करायचं आणि गाठही पिसाच्या मागेच. पाण्यात दोरी किंचित ओढली की तंतू मागे दबतात, सैल केली की पुन्हा उघडतात. किडा श्वास घेतोय असं वाटतं. तिकडे अंगासाठी झेनमाई नावाच्या नेच्याच्या कोंबावरची लव वापरतात. आपण जावळ वापरायचं.

वळवाची वाळवी

ही कुठल्या पुस्तकातली नाही. वळवाचा पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी वारुळांतून पंखवाली वाळवी निघते. दिव्यांभोवती तीच असते आणि पाण्यावर पडते तीही तीच. त्या अर्ध्या तासात पाणी नुसतं उकळल्यासारखं दिसतं. वरच्या थरातल्या रुपेरी अळकुट्यांपासून खालच्या चिलापीपर्यंत सगळे मासे वर आलेले.

वाळवीला चार पंख, सगळे एकाच मापाचे, अंगाहून लांब आणि पाठीवर चपटे मिटलेले. अंग तांबूस तपकिरी. म्हणून : बोकडाचे तपकिरी केस आणि काटेसावरीचा कापूस समसमान मिसळा. नुसता कापूस निसरडा असतो, केसांनी तो दोऱ्याला धरतो. मेण जरा जास्त लावून जाडसर अंग करा. पंखांना बदकाची धुरकट पिसं दोन, एकावर एक, पाठीवर आडवी पडतील अशी बांधा, लांबी अंगाच्या दीडपट. पुढे कोंबड्याचं तपकिरी ताठ पीस तीन वेढे आणि खालच्या बाजूचे तंतू कात्रीने सपाट कापा, म्हणजे माशी पाण्यावर पोट टेकून बसते. काटेसावर फुटते त्याच दिवसांत वळीव येतो, तेव्हा सामान आणि गरज एकाच वेळी दारात.

ओली करून बघा

बांधलेली माशी कोरडी बघून काही कळत नाही. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, दोऱ्याला माशी बांधून आत सोडा आणि वर-खाली करा. काळी लोकर आणखी गडद होते, तपकिरी लोकर ओली झाल्यावर जवळजवळ काळी दिसते. फिका किडा हवा असेल तर लोकर कोरडेपणी दोन छटा फिकी घ्यावी लागते. पीस हलतंय का, अंग गरगर फिरतंय का तेही बघा. फिरत असेल तर पीस एका बाजूला जास्त बसलंय. ब्लेडने सगळं कापून गळ मोकळा करा आणि पुन्हा बांधा. गळ वाया जात नाही.

पाण्यावर

माशीला स्वतःचं वजन नसतं, म्हणून ती नेहमीच्या गळासारखी भिरकावता येत नाही. दहा-बारा फुटांचा लवचिक बांबू, टोकाला तेवढीच दोरी, शेवटी हातभर बारीक नायलॉन. रीळ नको. मनगटाने मागे, क्षणभर थांबा, पुढे. काठाकडून वर, प्रवाहाच्या विरुद्ध टाका आणि पाणी माशीला जसं नेईल तसं नेऊ द्या. दोरी थबकली किंवा बाजूला सरकली की काठी अलगद उचला. झटका नको.

शिकायला चिलापी सर्वांत बरी. १९५२ साली ती भारतात आणली गेली. मूळची आफ्रिकेची, आता उजनीसारख्या जलाशयांत तीच ती. धरून घरी नेली तरी नदीचं नुकसान नाही. महासीर मिळाला तर ओल्या हाताने धरून लगेच सोडा. त्याची पिल्लं वाढवून सोडण्याचं काम लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात कित्येक दशकं चाललंय, आणि महाडजवळच्या वाळण कोंडीत तर लोक त्याला देवाचा मासा म्हणून सांभाळतात. देवाच्या डोहात गळ टाकायचा नसतो. धरणं आणि तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यांना विचारल्याशिवाय उतरू नका. मोठा पाऊस सुरू झाला आणि मासे वलगणीला निघाले की गरी आढ्याला टांगून ठेवा. ते अंडी घालायला वर चढत असतात. हिमाचलात ट्राऊटसाठी जाणार असाल तर मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राऊट धरायला बंदी असते हे लक्षात ठेवून बेत करा.

घरी आल्यावर माश्या ओल्याच डबीत बंद करू नका. एका रात्रीत गळ गंजतो आणि गंज लोकरीत उतरतो. मी जुन्या घोंगडीचा हातभर तुकडा खिडकीशी टांगलाय. त्यात माश्या टोचून ठेवते, सकाळपर्यंत वाऱ्याने कोरड्या होतात. पिसं दबलेली असतील तर चहाच्या वाफेवर क्षणभर धरते, ती परत उघडतात.